नवा राउटर घेण्याआधी वायरची टोकं पाहा

मे संपत आला की किनाऱ्यावरून येणाऱ्या पत्रांत घरच्या इंटरनेटच्या तक्रारी वाढतात. या वेळच्या पत्रांपैकी बहुतेकांनी राउटर बदलून पाहिलेला आहे आणि दोष जागच्या जागी आहे. राउटर घरात कोरड्या जागी असतो. वायर मात्र वळचणीखालून, झाडांमधून, पडवीतून जाते. खारा वारा, पाऊस, उंदीर आणि वीज हे सगळं तीच सोसते. म्हणून उत्तरांची सुरुवात बहुतेक ठिकाणी वायरपासूनच केली आहे.

प्रश्न : ३०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. राउटरजवळ मोबाइलवर अडीचशेच्या वर स्पीड मिळतो, पण माळ्यावरच्या कॉम्प्युटरला लॅन वायर जोडूनही ९४ च्या पुढे जात नाही. राउटर बदलला, तरी आकडा तोच. – देवगड

उत्तर : ९४ किंवा ९५ वर अडकलेला आकडा म्हणजे तुमची वायर १००० ऐवजी १०० एमबीपीएसवर चालते आहे. कंपनीच्या लाइनचा दोष असता तर आकडा वरखाली झाला असता. तो एकाच जागी ठाम उभा आहे, याचा अर्थ अडसर तुमच्या घरातच आहे.

लॅन वायरमध्ये आठ तारा असतात, पिळाच्या चार जोड्या. १०० च्या वेगाला १, २, ३ आणि ६ एवढ्याच पिना पुरतात. १००० ला आठही लागतात. ४, ५, ७, ८ यांपैकी एक जरी तार तुटली, गंजली किंवा कनेक्टरमध्ये नीट बसली नाही, तर दोन्ही टोकांची यंत्रं आपापसांत ठरवून १०० वर उतरतात. इंटरनेट चालू राहतं, त्यामुळे वायरचा संशय कुणाला येत नाही.

आधी खात्री करा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग इथरनेट उघडलं की ‘लिंक स्पीड’ दिसतो. तिथे १००/१०० लिहिलेलं असेल तर तोच कॉम्प्युटर राउटरपाशी न्या आणि बाजारात मिळणाऱ्या तयार, एक-दोन मीटरच्या पॅच कॉर्डने जोडा. आता १०००/१००० दिसलं तर राउटर आणि कॉम्प्युटर दोन्ही सुटले, दोष माळ्याच्या वायरमध्ये. तरीही १०० च दिसलं तर पोर्ट तपासा. खोक्यावर ‘एसी १२००’ असं मोठ्या अक्षरात छापलेल्या अनेक राउटरचे लॅन पोर्ट १०० चेच असतात. काही फायबर मोडेममध्ये पहिला पोर्ट तेवढा १००० चा आणि बाकीचे १०० चे असतात. यूएसबीला लावायचं लॅन अ‍ॅडॅप्टर जुनं असेल तर तेही १०० वर थांबतं.

दोष वायरचा निघाला तर दोन्ही टोकांचे कनेक्टर उजेडात धरून पाहा. पारदर्शक प्लॅस्टिकमधून तारांची टोकं दिसतात. आठही तारा पुढच्या भिंतीला टेकलेल्या हव्यात. एखादी दीड-दोन मिलिमीटर मागे राहिली असेल तर तीच चोर. सोनेरी पिनांवर हिरवट पूड दिसली तर ती खाऱ्या हवेची करणी आहे. तो कनेक्टर घासून वाचवत बसू नका, कापून नवा लावा. कनेक्टर दहा-वीस रुपयांचा असतो.

नवा लावताना वरचं वेष्टन तीनेक सेंटिमीटर सोला. तारा या क्रमाने लावा : पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. कनेक्टरची क्लिप खाली, पिना वर आणि वायर आपल्या बाजूला धरली की पहिली तार डावीकडे येते. पिळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उकलायचा नाही, म्हणून तारा सरळ करून बारा-तेरा मिलिमीटरवर एका फटक्यात कापा. वेष्टनही कनेक्टरच्या आत जाऊन त्याच्या खिळीखाली दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर ओढ बसली की ताण तारांवर येतो. दुसऱ्या टोकाला हाच क्रम.

रंगांच्या क्रमात एक फसवी चूक हमखास होते. ‘दोन्हीकडे सारखं असलं म्हणजे झालं’ म्हणून केशरी, हिरवी, निळी, तपकिरी अशा जोड्या ओळीने लावल्या जातात. आठ दिव्यांच्या स्वस्त लॅन टेस्टरवर आठही दिवे क्रमाने पेटतात, कारण तो फक्त तार अखंड आहे का एवढंच पाहतो. पण ३ आणि ६ या पिनांना एकाच पिळातली जोडी लागते. ओळीने लावल्यावर त्या पिना दोन वेगळ्या पिळांत जातात. मग एका जोडीचा सिग्नल दुसरीत मिसळतो, लिंक तुटते-जुळते आणि लांब वायरवर तर काहीच धड चालत नाही.

कनेक्टर बदलूनही १०० च आलं तर वायरचा एक तुकडा कापून तारेवर ब्लेड हलकेच ओढा. आतून पांढरीफटक धातू दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार आहे. चार-पाच वेळा पुढे-मागे वाकवली की ती मोडते. तिचा विजेला होणारा विरोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो आणि खाऱ्या हवेत मुलामा एकदा खरवडला गेला की आतून झपाट्याने खाल्ली जाते. किनाऱ्यावर ही वायर घेऊच नये. दुकानात ‘पूर्ण तांब्याची’ असं स्पष्ट विचारा, बंडल हातात घेऊन वजन बघा. अ‍ॅल्युमिनियमचं बंडल लक्षात येईल एवढं हलकं लागतं. १००० च्या वेगाला कॅट-५ई या प्रतीची वायर पुरते. कॅट-६ हे नाव छापलेली पण अ‍ॅल्युमिनियमची वायर ही खऱ्या तांब्याच्या कॅट-५ई पेक्षा वाईट.

तुमची वायर बाहेरून, पागोळ्यांखालून माळ्यावर गेली असावी असं पत्रावरून वाटतं. घरात वापरायची राखाडी वेष्टनाची वायर उन्हात तडकते. तडकलेल्या जागी पाणी शिरतं आणि वेष्टनाच्या आतून घरंगळत थेट पोर्टपर्यंत येतं. कनेक्टर काढल्यावर थेंब ओघळला तर वायर त्याच वाटेने भिजली असं समजा. बाहेरच्या भागाला उन्हात टिकणारी काळ्या पॉलिथिन वेष्टनाची वायर वापरा आणि भिंतीत शिरण्याआधी तिला वीतभर खाली झोल देऊन मग वर घ्या. पाणी झोलाच्या तळाशी गळून पडतं. भिंतीतलं भोकही बाहेरच्या बाजूला उतरतं पाडलेलं हवं.

प्रश्न : आमचं घर आणि पाहुण्यांच्या खोल्या यांत कलमांची बाग आहे, अंतर साठ-सत्तर मीटर. लॅन वायर झाडांवरून नेली आहे. दर वर्षी मिरगाच्या आधी आणि पुन्हा ऑक्टोबरात गडगडाट झाला की नेटवर्क स्विचचे (एका लॅन वायरचे अनेक फाटे करणाऱ्या यंत्राचे) पोर्ट जातात. कधी राउटरही. वीज घरावर पडलेली नसते. काय करावं? – गुहागर

उत्तर : तांब्याची वायर काढून तिथे फायबर टाका. बाकी सगळे उपाय अर्धवट आहेत.

वीज घरावर पडायची गरजच नसते. जवळपास कुठेही पडली की तिथल्या जमिनीचा विद्युतदाब क्षणभर प्रचंड चढतो. तुमच्या दोन इमारतींचं अर्थिंग वेगवेगळं आहे, त्यामुळे एकीकडची जमीन दुसरीपेक्षा हजारो व्होल्टनी वर जाते आणि हा फरक भरून निघायला लॅन वायर ही सोपी वाट मिळते. शिवाय इतकी लांब तार हवेत आडवी टांगलेली, तिच्यात नुसत्या चमकेनेही झटका निर्माण होतो. लॅन पोर्टमधल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरची सहनशक्ती साधारण १५०० व्होल्टची. त्यापुढे पोर्ट जळतो, तर कधी आतलं सगळं. लॅनचे सर्ज प्रोटेक्टर मिळतात, पण ते झटका अर्थिंगमध्ये सोडतात. कातळावर, जांभ्याच्या जमिनीत, तेही मे महिन्याच्या कोरडीत, चांगलं अर्थिंग मिळणं कठीण.

फायबर काचेचं. त्यातून वीज जात नाही. लागणारं सामान थोडं आहे : एक केबल आणि मीडिया कन्व्हर्टरची, म्हणजे लॅनचा सिग्नल प्रकाशात आणि प्रकाश पुन्हा लॅनच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या यंत्रांची, एक जोडी. एका धाग्यावर चालणारी जोडी घ्या. त्यात एक यंत्र ‘ए’ आणि दुसरं ‘बी’ असतं. एक १३१० नॅनोमीटरवर पाठवतं आणि १५५० वर ऐकतं, दुसरं उलट. दुकानदाराने चुकून दोन्ही ‘ए’ दिली तर काहीही केलं तरी लिंक लागणार नाही, म्हणून खोकं उघडून अक्षरं पाहूनच पैसे द्या. अंगावर १०/१००/१००० लिहिलेलं असावं, नुसतं १०/१०० नको.

केबल दोन्ही टोकांना कनेक्टर लावून आलेली तयार मिळते, ८० किंवा १०० मीटरची. ती घेतली तर फायबर जोडणाऱ्या माणसाला बोलवावं लागत नाही. उरलेली केबल कापू नका, ताटाएवढी गुंडाळी करून सावलीत टांगा. कनेक्टरचा रंग बघायला विसरू नका. मीडिया कन्व्हर्टरला बहुधा निळा लागतो. हिरव्या कनेक्टरचं तोंड तिरकं घासलेलं असतं. हिरवा आणि निळा एकमेकांत बसतात, पण सिग्नल पडतो आणि काचेचं टोकही खराब होतं.

या केबलच्या एका कडेला टांगण्यासाठी पोलादी तार असते. ती धातूच आहे, म्हणून ती सोलून वेगळी करा, घराबाहेरच्या हुकाला बांधा आणि तिथेच संपवा. आत फक्त फायबर न्या. केबलमध्ये आधारासाठी पोलादाऐवजी काचतंतूच्या काड्या असलेला प्रकार मिळाला तर तोच घ्या. कलमांच्या फांदीला केबल घट्ट बांधू नका. वाऱ्यात फांदी हलते आणि साल वाढली की गाठ केबलमध्ये रुतते. एक इंची पाइपात घालून गडग्याच्या कडेने पुरली तर उत्तम. मात्र पाइपाची तोंडं बंद करा, नाहीतर पहिल्याच पावसात मुंग्या आणि उंदीर आत बस्तान मांडतात.

जोडल्यावर कन्व्हर्टरवर ‘एफएक्स’ हा फायबरचा आणि ‘टीपी’ हा लॅन वायरचा दिवा पेटला पाहिजे. टीपी लागला आणि एफएक्स बंद असेल तर केबलचं टोक पूर्ण दाबून ‘टक्’ आवाजासह बसवा.

ही सोय होईपर्यंत वाट अशी : आभाळ दाटू लागलं की राउटरचं आणि स्विचचं अ‍ॅडॅप्टर सॉकेटमधून उपटा आणि बागेतून आलेली लॅन वायरही काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र त्या वायरला हात लावू नका. यंत्र गेलं तर गेलं.

प्रश्न : आमच्या केंद्रात सहा कॉम्प्युटर आहेत. सकाळी सगळे चालतात, दुपारनंतर त्यातले दोन-तीन बंद पडतात आणि प्रिंटरही दिसेनासा होतो. रीस्टार्ट केलं की कधी सुरू होतात, कधी नाही. – राजापूर

उत्तर : बंद पडलेल्या मशीनवर काळी कमांडची खिडकी उघडा, ‘आयपीकॉन्फिग’ टाइप करा आणि चालू मशीनवरही तेच करा. चालूवर १९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्ता आणि बंदवर १९२.१६८.० ने सुरू होणारा असेल, तर तुमच्या नेटवर्कवर पत्ते वाटणारे दोन मालक आहेत. कुणीतरी मोबाइलसाठी एक वायफाय राउटर आणून स्विचला लॅन पोर्टमधून जोडलेला आहे. तोही पत्ते वाटतो. ज्या मशीनला त्याचा पत्ता मिळाला, ती इंटरनेटच्या बाहेर.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर गोष्ट वेगळी : त्या मशीनला पत्ता देणारा कुणीच सापडलेला नाही. तिथे वायर, पोर्ट किंवा बंद पडलेला मुख्य राउटर बघा.

तो जादा राउटर शोधून स्विचपासून सोडवा आणि एकट्या लॅपटॉपला लॅन पोर्टमधून जोडा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ उघडा, त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा आणि सेव्ह करा. नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करून डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याची सोय, बंद करा. आता स्विचची वायर त्याच्या लॅन पोर्टलाच लावा. वॅन किंवा इंटरनेट लिहिलेला पोर्ट रिकामा ठेवून त्यावर चिकटपट्टी लावा, म्हणजे पुढचा माणूस तिथे काही खुपसणार नाही. त्या राउटरच्या मेनूत ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ असेल तर एवढा खटाटोप नको, तोच निवडा.

प्रिंटरसाठी मुख्य राउटरमध्ये डीएचसीपीची हद्द १९२.१६८.१.१०० ते २०० अशी ठेवा आणि प्रिंटरला हाताने १९२.१६८.१.५० द्या. हद्दीतला पत्ता प्रिंटरला दिला तर आज ना उद्या राउटर तोच पत्ता एखाद्या मोबाइलला देतो आणि प्रिंटर गायब होतो.

कधी सगळेच एकदम बंद पडले आणि स्विचचे सगळे दिवे एका तालात वेड्यासारखे लुकलुकायला लागले, तर एकाच वायरची दोन्ही टोकं स्विचमध्ये गेली आहेत का पाहा. झाडलोट करताना सुटलेलं टोक कुणीतरी सद्भावनेने ‘जागेवर’ लावतं.

प्रश्न : आम्ही मुंबईत, घर संगमेश्वर तालुक्यात. गणपती आणि शिमगा सोडला तर बंदच. कॅमेरे बसवलेत, पण महिन्यातून एकदा तरी राउटर अडकतो आणि शेजाऱ्यांना किल्ली घेऊन पाठवावं लागतं. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणारी जोडणी राउटरने कॅमेऱ्यांकडे वळवणं) करूनही कॅमेरे बाहेरून दिसत नाहीत. – डोंबिवली

उत्तर : राउटरच्या मेनूत ‘शेड्यूल रीबूट’ असेल तर रोज पहाटे चारची वेळ द्या. नसेल तर सॉकेटमध्ये बसणारा टायमर घ्या : चार वाजता बंद, चार दहाला चालू. डिजिटल आणि आत बॅटरी असलेलाच घ्या. गोल चकतीचा यांत्रिक टायमर लाईट गेली की थांबतो, आणि पावसाळ्यात दोन दिवसांत त्याची पहाट भर दुपारी होते. टायमरवर फायबर मोडेम आणि राउटर दोन्ही लावा. कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर मात्र लावू नका. हार्ड डिस्कवर लिहिणं चालू असताना वीज तोडली की डिस्क लवकर जाते.

पोर्ट फॉरवर्डिंगचं म्हणाल, तर राउटरच्या पानावर वॅनचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात असेल तर कंपनीने एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे, आणि तुम्ही घरात काहीही उघडलंत तरी बाहेरून कुणी आत येऊ शकत नाही. कंपनीकडून स्थिर पत्ता विकत घ्या, नाहीतर डीव्हीआरची स्वतःची क्लाउड सेवा वापरा. घरगुती वापराला दुसरा मार्ग बरा. डीव्हीआरचा मूळ पासवर्ड तेवढा आजच बदला.

बंद घरात राउटर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायची पद्धत दिसते. ती सोडा. आत घाम धरतो. भिंतीपासून चार बोटं दूर, उंचावर, उघडाच बरा.

प्रश्न : संध्याकाळी घरातले सगळे मोबाइल जोडले की राउटर आपोआप बंद होऊन चालू होतो. व्होल्टेज कमी असल्यामुळे का? – मालवण

उत्तर : बहुधा नाही. अ‍ॅडॅप्टरवर ‘१००-२४० व्होल्ट’ लिहिलेलं असतं, कमी व्होल्टेज ते पचवतं. पण दोन-तीन वर्षं उकाड्यात राहिल्यावर त्यातले कपॅसिटर थकतात. भार नसताना मीटरवर १२ व्होल्ट दिसतात, आणि मोबाइल वाढून राउटरने जास्त करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं. म्हणून मीटरच्या आकड्यावर विसंबू नका, दुसरं अ‍ॅडॅप्टर लावून बघा. व्होल्ट अगदी तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. फायबर मोडेम ९ व्होल्टचा आणि राउटर १२ चा असूनही दोघांची पिन सारखीच असू शकते, तेव्हा अदलाबदल करताना लेबल वाचा.

लाईट गेल्याच्या क्षणीच रीस्टार्ट होत असेल तर इन्व्हर्टरच्या मागचं बटण ‘नॉर्मल’वरून ‘यूपीएस’वर करा. त्याने बदल झटकन होतो. पण तुमच्याकडे व्होल्टेज १८० च्या खाली उतरत असेल तर त्या स्थितीत इन्व्हर्टर सारखा बॅटरीवर जाईल आणि रात्री बॅटरी रिकामी सापडेल. अशा ठिकाणी राउटरपुरता १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस बरा.

प्रश्न : जुनं चिऱ्यांचं घर, ओटीवर राउटर. स्वयंपाकघरात वायफाय पोचत नाही, पावसाळ्यात तर माजघरातही नाही. रिपीटर घेऊ का? – दापोली

उत्तर : नको. जांभ्याचा चिरा पाणी धरून ठेवतो आणि ओली जाड भिंत वायफाय गिळते. भिंतीपलीकडचा रिपीटर जे मिळेल तेच पुढे देणार. माजघरापर्यंत तांब्याची एक लॅन वायर ओढा आणि तिथे त्या वायरवरून वायफाय देणारा अ‍ॅक्सेस पॉइंट बसवा. विजेच्या वायरिंगच्या पाइपातून ती नेऊ नका. समांतर जायचंच असेल तर वीतभर अंतर ठेवा, ओलांडायचं तिथे काटकोनात ओलांडा. वायरीतूनच वीज घेणारा पॉइंट असेल तर त्याच्यासोबत आलेलाच इंजेक्टर (लॅन वायरीत वीज सोडणारं यंत्र) वापरा. २४ व्होल्टच्या यंत्राला ४८ चा साधा इंजेक्टर लागला की ते जळतं.

प्रश्न : मोडेमवर ‘लॉस’ नावाचा लाल दिवा लुकलुकतो. आम्ही काही करू शकतो का? – श्रीवर्धन

उत्तर : लाल दिवा म्हणजे मोडेमपर्यंत प्रकाश पोचत नाही. कपाटामागे फायबरची वायर मुडपली गेली असेल तर सोडवा. वळसा कपाच्या बशीपेक्षा लहान नको. हिरवा कनेक्टर काढून पुन्हा ‘टक्’ होईपर्यंत बसवा. त्याच्या तोंडात डोकावू नका, कारण आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही.

एवढ्याने जमलं नाही तर तुटलं आहे ते बाहेर, खांबावर. माणूस येईल तेव्हा त्याला पॉवर मोजून आकडा विचारा. उणे १५ ते उणे २४ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) चांगला. उणे २७ ही शेवटची मर्यादा, तिथे आज चालेल आणि पहिल्या जोरदार सरीत जाईल. आकडा कोरड्यात बरा आणि पावसात पडत असेल तर खांबावरच्या जोडाच्या डबीत पाणी शिरतंय, ती बदलून घ्या. आणि तो येईपर्यंत मोडेमच्या मागचं रीसेटचं बारीक छिद्र टाचणीने दाबू नका. त्यातली कंपनीची सेटिंग्ज पुसली जातात, मग फायबर जुळली तरी इंटरनेट येत नाही.